ओल आणि इतिहास : आयोवा सिटीतील जुन्या घरांच्या निमित्ताने

मराठी वाचकाला आयोवा सिटी हे नाव परिचित झाले ते दिलीप चित्रे यांच्यामुळे. १९७५ ते १९७७ या काळात ते तेथील आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात होते आणि त्या वास्तव्याची छाया त्यांच्या इंग्रजी कवितेवर पडलेली आहे. पॉल एंगल आणि हुआलिंग निए यांनी १९६७ साली हा उपक्रम सुरू केला. त्याआधी, १९३६ साली, याच विद्यापीठात सर्जनशील लेखनाची कार्यशाळा स्थापन झाली होती. अमेरिकेच्या मध्यभागी, मक्याच्या शेतांनी वेढलेले एक लहानसे विद्यापीठनगर जगभरच्या लेखकांचा मुक्काम कसा झाले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या गावाकडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. ज्या घरांत हे लेखक आणि प्राध्यापक राहिले, त्या घरांत पाणी शिरले की पुढे काय होते, ती घरे पुन्हा उभी कशी करतात आणि त्या खटाटोपात घराचा इतिहास टिकतो की पुसला जातो, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सुतारगवंड्यांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. भिजलेल्या घराची दुरुस्ती आणि जीर्ण हस्तलिखिताची पाठचिकित्सा यांतील अडचणी बऱ्याच अंशी सारख्या आहेत, एवढेच उत्तर तूर्त देतो. मूळ कोणते, प्रक्षिप्त कोणते, कोठे हात लावायचा आणि कोठे थांबायचे, हे दोन्हीकडे ठरवावे लागते.

२००८ या वर्षापासून सुरुवात करू. त्या वर्षीच्या जूनमध्ये आयोवा नदीला तेथील नोंदींतला सर्वांत मोठा पूर आला. १५ जून रोजी आयोवा सिटी येथे पाण्याची पातळी ३१.५३ फुटांवर पोहोचली. तेथे पूरपातळी २२ फूट मानली जाते. विद्यापीठाच्या वीसहून अधिक इमारतींत पाणी शिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने या गावाला ‘साहित्यनगरी’ हा बहुमान दिला. एडिंबरा आणि मेलबर्न यांच्यानंतर हा मान मिळालेले हे जगातले तिसरे शहर. म्हणजे बहुमान आला तेव्हा गावाच्या सखल भागांतून पुराच्या खुणा पुरत्या गेलेल्याही नव्हत्या. हा योगायोग आम्हांला सूचक वाटतो.

आता थोडे मागे जाऊ. १८३९ साली आयोवा प्रांताची राजधानी म्हणून हे गाव आखण्यात आले. आखणाऱ्यांनी राजधानीची मुख्य इमारत नदीकाठच्या सखल जमिनीवर न बांधता पूर्वेकडच्या उंच कड्यावर बांधायला घेतली. १८४० साली तिची कोनशिला बसली. १८४६ साली आयोवा राज्य झाले, १८४७ साली विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५७ साली राजधानी दे मॉइन येथे हलली. राजधानी गेली, इमारत मात्र विद्यापीठाला मिळाली. आजही ‘ओल्ड कॅपिटल’ या नावाने ती गावाच्या मधोमध उभी आहे. पहिले प्रांताधिकारी रॉबर्ट लूकस यांचे प्लम ग्रोव्ह हे विटांचे घर १८४४ चे आहे. लेखन कार्यशाळा ज्या डे हाउसमध्ये १९९७ पासून भरू लागली ते घर १८५७ चे. समिट स्ट्रीट, ब्राउन स्ट्रीट, कॉलेज ग्रीन या भागांतील लाकडी घरे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा आरंभ या काळातली आहेत. कुर्ट व्हॉनेगट १९६५ ते १९६७ या काळात येथे शिकवीत होते, तेव्हा तेही उत्तरेकडच्या अशाच एका मोठ्या जुन्या घरात राहत असत.

२००८ च्या महापुरात ही जुनी वस्ती बहुतांशी कोरडी राहिली. बुडाला तो नंतर नदीकाठी वसलेला भाग. यामागे एका धरणाची कथा आहे. शहराच्या उत्तरेस काही मैलांवर कोरलव्हिल धरण १९५८ साली पूर्ण झाले. धरण झाले म्हणजे नदी ताब्यात आली, असा समज होणे स्वाभाविक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नदीच्या वळणाशी पार्कव्ह्यू टेरेससारखी वस्ती उभी राहिली. विद्यापीठानेही पश्चिम काठावर, जेथे १९३६ ची कलाशाळा आधीच होती तेथे, संग्रहालय, संगीतशाळा आणि १९७२ साली हँचर हे भव्य प्रेक्षागृह बांधले. १९९३ साली धरणाच्या सांडव्यावरून पहिल्यांदा पाणी वाहिले, तेव्हा तो अपवाद आहे अशी समजूत घालता आली. २००८ साली १० जूनला तेच पुन्हा घडले आणि समजूत घालण्यासारखे काही उरले नाही.

१९९३ च्या त्या पाण्याने आणखी एक गोष्ट केली. सांडव्याखालचा रस्ता आणि माती खरवडून नेल्यावर खालचा चुनखडीचा थर उघडा पडला आणि त्यात सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे जीवाश्म दिसू लागले. आज ती जागा पाहायला लोक जातात. पाणी जसे पुसते तसे उघडेही करते. घरांच्या बाबतीतही हे खरे आहे.

उंचावरच्या जुन्या घरांना पुराची भीती नसली तरी पाण्याची भीती आहेच. त्या प्रदेशाचा हिवाळा कडक असतो. पारा शून्याखाली बराच उतरला की भिंतीतले नळ गोठतात, फुटतात, आणि घरात कोणी नसेल तर फुटलेला नळ तासन्‌तास वाहत राहतो. छपरावरचे बर्फ माळ्यातून निसटणाऱ्या उबेने वितळते, ते पाणी पन्हळीपाशी येऊन पुन्हा गोठते, तेथे बर्फाचा बांध तयार होतो आणि मागचे पाणी कौलपट्ट्यांखालून उलटे आत शिरते. वसंतातल्या पावसात तळघरांच्या चुनखडी दगडांच्या भिंती पाझरू लागतात. मोठ्या पावसात गटारांचे पाणी उलट येऊन तळघरात साचते. १० ऑगस्ट २०२० रोजी या प्रदेशावरून जे प्रचंड वादळ गेले त्याने तर छपरेच उचकटली आणि वरून पाऊस आत आला. महापुराला तारीख असते, त्याची नोंद इतिहासात होते. या नित्याच्या ओलीची नोंद कोणी ठेवीत नाही. जुनी घरे खचतात ती बहुधा तिच्यामुळेच.

घर भिजल्यावर काय करतात, हे थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे. अमेरिकेत या कामाचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे आणि १९९४ पासून त्याची लिखित प्रमाणके आहेत. त्यांत पाण्याचे तीन वर्ग केलेले आहेत. नळाचे स्वच्छ पाणी पहिल्या वर्गात, कपडे-भांडी धुतल्याचे पाणी दुसऱ्या वर्गात, आणि गटाराचे किंवा पुराचे पाणी तिसऱ्या वर्गात. परंतु वर्ग एकदा ठरला की कायम राहतो असे नाही. स्वच्छ पाणीही घरात जितके अधिक काळ साचून राहील तितके ते खालच्या वर्गात उतरते. बुरशी एक-दोन दिवसांत धरू लागते. म्हणून पहिला नियम घाईचा आहे : वीज तोडा, पाण्याचा उगम बंद करा, साचलेले पाणी काढा, हवा खेळती करा.

या नियमाला लगेच एक अपवाद जोडावा लागतो. पुराने भरलेले तळघर एका दमात उपसू नये. भोवतालची माती पाण्याने फुगलेली असते आणि तिचा दाब भिंतींवर बाहेरून असतो. आतले पाणी हाच त्या भिंतींचा आधार असतो. तो एकाएकी काढला तर भिंत आत कोसळते. म्हणून तळघर थोडे थोडे, दोन-तीन दिवसांत उपसावे असे तेथे सांगितले जाते. ज्याने घर बिघडवले त्याच पाण्याने काही काळ घर धरून ठेवलेले असते.

आता भिंतींकडे वळू. महायुद्धानंतरच्या घरांत भिंती जिप्समच्या तयार तक्त्यांच्या असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना कागद असतो. तक्ता खालून पाणी शोषीत वर चढवतो आणि कागद बुरशीचे खाद्य होतो. अशी भिंत पाण्याच्या रेषेच्या थोडी वर कापून फेकून देतात, आणि ते योग्यच असते. जुन्या घरांत मात्र लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा थराथराने चढवलेला असतो. हा गिलावा भिजतो, जड होतो, क्वचित पट्ट्यांपासून सुटतो, पण पुष्कळदा जसाच्या तसा सुकतो. जुन्या जंगलांतल्या सावकाश वाढलेल्या झाडांचे दाट लाकूडही पाणी सोसते. मऊ विटा आणि चुन्याच्या दर्जा ओल घेतात आणि सोडतात. थोडक्यात, या घरांच्या बांधणाऱ्यांनी ओल येणारच हे गृहीत धरले होते. तिला जायला वाट ठेवली होती.

मग या घरांची नासाडी होते ती कशाने? पुष्कळदा दुरुस्तीने. तक्त्याची सवय असलेला कामगार गिलावाही सरसकट पाडतो. तो पाडला म्हणजे त्यासोबत छताची नक्षी, दारांच्या चौकटींशी जुळवलेली जाडी आणि कारागिराच्या हाताची खूण जाते. शिवाय शिसेयुक्त रंगाची धूळ घरभर होते, कारण घरात वापरायच्या रंगात शिसे घालण्यावर तेथे १९७८ साली बंदी आली आणि त्याआधीच्या घरांत ते थरांखाली आहेच. विटांच्या पाझरणाऱ्या दर्जा कोणी सिमेंटने भरतो. सिमेंट कठीण असते, ओल अडवते. अडलेली ओल मग विटेतूनच बाहेर पडू पाहते, लोणा फुटतो, थंडीत आतले पाणी गोठून फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दर्जा शाबूत राहतात आणि वीट झडते. भिजलेल्या ओकच्या फळ्या कडांनी वर उचलल्या जातात, कारण त्यांची खालची बाजू अधिक फुगलेली असते. हे पाहून कोणी त्या लगेच रंधून सपाट केल्या, तर काही महिन्यांनी खालची बाजू सुकते आणि त्याच फळ्या मध्ये उंचवटा धरतात. फळीला वेळ दिला असता तर ती पुष्कळशी आपसूक सरळ झाली असती.

म्हणून या कामात दोन नियम परस्परविरोधी आहेत. पाणी काढण्यात घाई हवी, निर्णय घेण्यात नको. ओलावा मोजण्याचे यंत्र लावून लाकडाची नोंद रोज घ्यायची, हवा फार तापवायची नाही, भिंत हाताला कोरडी लागली तरी आतून कोरडी झाल्याशिवाय रंग किंवा कागद लावायचा नाही. घरमालकाला हे पटणे कठीण असते. त्याला कुबट वास नकोसा झालेला असतो, विम्याच्या कागदांवर मुदती असतात आणि नव्या तक्त्यांची भिंत आठवड्यात उभी राहणार असते. त्याच्या घाईला आम्ही हसत नाही. आपले अंथरूण भिजले असताना गिलाव्याच्या इतिहासावर व्याख्यान ऐकायला कोण बसेल?

तरीही भिंत उघडली की इतिहास समोर येतोच. येथील बहुतेक लाकडी घरांचा सांगाडा अशा पद्धतीचा की उभे खांब जोत्यापासून छपरापर्यंत सलग जातात आणि मधल्या पोकळीला मजल्यावर अडसर नसतो. माळ्यात शिरलेले पाणी या पोकळीतून थेट तळघरात उतरू शकते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अनेकांनी ऊब टिकावी म्हणून या पोकळ्यांत कागदाचा लगदा फुंकून भरला. तो भिजला की खाली बसतो आणि ओल धरून ठेवतो. त्याच्यापुढे आधीच्या पिढीचा भित्तिकागद, त्यावरचा रंग, त्यावरचा तक्ता. प्रत्येक पिढीने आपल्या सोयीचा एक थर चढवला आणि खालचा झाकला. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही स्थिती ओळखीची वाटेल. मूळ संहिता एवढीच खरी आणि बाकीचे सारे खोटे, असे म्हणता येत नाही. कारण समासातल्या टिपांनाही इतिहास असतो. परंतु समासातली कोणती टीप आता मूळ अक्षरे कुजवते आहे, हे ओळखावे लागते.

अमेरिकेत या विवेकाला कायद्याचे रूप १९६६ च्या ऐतिहासिक जतन कायद्याने आले. पुढे सत्तरच्या दशकात केंद्रीय गृहखात्याने जी मानके घातली त्यांचे सार असे की बदलण्यापेक्षा दुरुस्त करा, आणि बदलावेच लागले तर जुन्याशी जुळेल असे बदला. त्याच १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला, हजारो ग्रंथ चिखलात गेले आणि भिजलेले कागद कसे वाचवावेत याचे आधुनिक शास्त्र त्या चिखलातून पुढे आले. भिजलेला ग्रंथ ताबडतोब सुकवता येत नसेल तर तो गोठवा, म्हणजे बुरशी थांबेल आणि विचार करायला वेळ मिळेल, ही त्या शास्त्राची एक मोठी शिकवण. २००८ साली आयोवा सिटीत तिचा उपयोग झाला. मुख्य ग्रंथालयाच्या तळघरातले ग्रंथ आणि कागदपत्रे स्वयंसेवकांनी रांगा लावून, हातोहात वर पोहोचवली. शेजारच्या सीडर रॅपिड्समधील बुडालेल्या संग्रहालयांच्या वस्तू वाचवण्यातही विद्यापीठाच्या ग्रंथसंवर्धकांनी हात दिला. जॅक्सन पोलॉकचे ‘म्यूरल’ हे १९४३ चे प्रचंड चित्र पाणी येण्यापूर्वीच संग्रहालयातून बाहेर काढले गेले. त्याला या गावात कायमचे घर मिळाले ते थेट २०२२ साली, नव्या संग्रहालयात. हँचर आणि संगीतशाळा २०१६ साली नव्या जागी उघडल्या. मधली आठ वर्षे संगीताचे विद्यार्थी गावभर विखुरलेल्या खोल्यांतून शिकले.

दुरुस्तीनेच नासाडी होते, हे म्हणणे कोणाला अतिशयोक्त वाटत असेल तर ओल्ड कॅपिटलचे उदाहरण देतो. २० नोव्हेंबर २००१ रोजी तिच्या घुमटाला आग लागली. आग लागली ती जीर्णोद्धाराचे काम चालू असताना, कामाच्याच उष्ण हत्यारांमुळे. घुमट जळाला, जुनी घंटा नष्ट झाली. खालची इमारत वाचली, कारण १९२० च्या दशकातल्या दुरुस्तीत घुमटाखाली काँक्रीटचा एक थर घातलेला होता. आग विझवायला जे पाणी मारले त्याने आतल्या दालनांचे मोठे नुकसान झाले. सगळे सुकवून, सावरून, नवा सोनेरी घुमट बसवून इमारत २००६ साली पुन्हा उघडली. एका दुरुस्तीने घात केला, ऐंशी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या दुरुस्तीने तारले, आणि वाचवणाऱ्या पाण्याने तिसरी दुरुस्ती मागितली. काँक्रीटचा तो थर मूळ इमारतीच्या दृष्टीने प्रक्षिप्तच. शुद्धतेच्या आग्रहाने कोणी तो आधीच काढला असता तर आज मूळ पाहायला मिळाले असते का, याचा विचार व्हावा.

शेवटी पार्कव्ह्यू टेरेसकडे परत यायला हवे, कारण तेथे आमचे आत्तापर्यंतचे विवेचन अपुरे पडते. पूरमैदानातल्या घराचे नुकसान त्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाले तर ते पुन्हा बांधताना पूरपातळीच्या वर उचलावे लागते, असा तेथील पूरविम्याचा नियम आहे. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या वास्तूला यातून सूट मिळू शकते. साध्या घराला नाही. २००८ नंतर या वस्तीतली अनेक घरे सरकारी पैशातून विकत घेऊन पाडली गेली आणि ती जमीन कायमची मोकळी ठेवण्याची अट पडली. हा निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही. नदीची जागा नदीला परत मिळाली. पण ती घरे पन्नास वर्षांची होती, त्यांत मुले वाढली होती, आणि ती ऐतिहासिक ठरण्याइतकी जुनी किंवा देखणी नव्हती एवढेच. आज तेथे हिरवळ आहे. चित्रांना नवे संग्रहालय मिळाले, गायकांना प्रेक्षागृह मिळाले. या घरांच्या वाट्याला रिकामी जागा आली.

चित्र्यांच्या काळात परदेशी लेखकांचा मुक्काम असे ती मेफ्लॉवर इमारत नदीलगतच आहे. २००८ च्या पुरात तिच्यातही पाणी शिरले. तीही दुरुस्त होऊन पुढच्या वर्षी पुन्हा वापरात आली. अशा इमारतीत कोणी काय लिहिले याचा शोध आपण अभ्यासक घेतो, तो घेतलाच पाहिजे. परंतु ती इमारत कोणी उपसली, कोणी सुकवली, कोणत्या भिंती कापल्या आणि कोणत्या ठेवल्या, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात कोठेच नसते. ज्या खोलीत बसून लिहिले ती खोली उभी ठेवणाऱ्यांचाही त्या लेखनाशी काही संबंध आहे, असे आम्हांला वाटते. किमान एखाद्या लेखकाचे घर पाहायला गेल्यावर, त्याची खुर्ची पाहून झाल्यावर, भिंतीच्या पायथ्याशी ओलीची रेषा दिसते का, हे वाचकांनी एकदा वाकून पाहावे.